सव्वाचारला तुटणारा खेळ

खेळ सुरू होऊन जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. टीव्हीवरच्या आइस हॉकीत लायल कोस्की गोल राखत होता, त्याची मुलगी ब्रिडी पुढे खेळत होती आणि समोरची कुठली तरी अनोळखी जोडी दोन गोलांनी मागे पडली होती. "डॅड, तुझ्या डावी..." असं ब्रिडीने हेडफोनमधून म्हटलं आणि तिचा आवाज तिथेच कापला गेला. पडद्यावर लायलचा गोलरक्षक काठी उचलल्या अवस्थेत उभा राहिला. मग चित्र काळं झालं, आणि मधोमध ती ओळ आली, जी आता त्याला तोंडपाठ झाली होती: जोडणी तुटली आहे.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाचार. गेल्या बुधवारीही सव्वाचारच.

दोन मिनिटांनी फोन वाजला.

"हरलो आपण," ब्रिडी म्हणाली. "तू पुतळ्यासारखा उभा होतास. त्यांनी चार गोल केले."

"वायफाय गेलं, ब्रिडी. माझ्या हातात काही नव्हतं."

ती हॅलिफॅक्सला राहायची, तिथे तेव्हा सव्वापाच वाजलेले असत. दातांच्या दवाखान्यातलं काम उरकून ती थेट टीव्हीसमोर बसायची, अजून अंगात दवाखान्याचाच सदरा.

"बरं," ती म्हणाली. "शनिवारी बघू."

ते 'बरं' लायलला आवडलं नाही. हे 'बरं' त्याच्या ओळखीचं होतं. ब्रिडी बारा वर्षांची असताना, गाडी सुरू झाली नाही म्हणून तिच्या वाढदिवसाला येता आलं नाही असं त्याने सांगितलं होतं, तेव्हाही ती असंच म्हणाली होती. गाडी उत्तम सुरू होत होती. सुरू होण्याच्या अवस्थेत नव्हता तो लायल.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कागदाच्या गिरणीतली नोकरी गेली, बायको मुलीला घेऊन आपल्या माहेरच्या समुद्रकाठी निघून गेली, आणि त्यानंतरही काही वर्षं लायल पीतच राहिला. मग एक दिवस थांबला. थांबल्याला आता तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते. कॅनडात थंडर बेमधल्या एका चढावरच्या रस्त्यावर, विटांच्या जुन्या दुमजली घरात तळमजल्यावर तो एकटा राहायचा. सकाळी एका शाळेत झाडलोट आणि बॉयलर बघायचं काम करायचा आणि तीनपर्यंत घरी यायचा. गेल्या हिवाळ्यात ब्रिडीनेच आपला खेळाचा जुना कन्सोल खोक्यात भरून त्याला पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती: फोनवर आपल्याला बोलता येत नाही, खेळून बघू.

आणि खरंच, खेळताना बोलता येत होतं. डोळे पडद्यावर, बोटं बटणांवर असली की ब्रिडी आपोआप सांगू लागायची: दवाखान्यात आलेला चावरा म्हातारा, भाडं वाढवणारी घरमालकीण, आईचा दुखणारा गुडघा. बुधवार आणि शनिवार, चार वाजता. लायलच्या आठवड्याला हेच दोन खांब होते.

ते आता जानेवारीच्या सुरुवातीपासून डळमळायला लागले होते.

कंपनीला फोन केला तर पाऊण तास संगीत ऐकवून एक बाई आली. तिने त्याच्याकडून सगळं करून घेतलं. राउटर बंद कर, तीस आकडे मोज, चालू कर. कन्सोल टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढ, बंद लाकडात त्याला ऐकू येत नाही. मायक्रोवेव्ह चालू करून बघ. आता राउटरचं चॅनल बदल. लायलने कानात फोन धरून दोन खोल्यांमध्ये वीस फेऱ्या मारल्या.

"तुमची लाइन ठणठणीत आहे," बाई शेवटी म्हणाली. "तुमचा मोबाइल चालतोय ना तेव्हाही?"

"चालतो."

"म्हणजे मोबाइल नव्या लहरींवर आहे. तुमच्या जुन्या कन्सोलला फक्त जुन्याच कळतात. आणि त्या जुन्या लहरींवर जवळपासचं दुसरं काहीतरी मोठ्याने बोलतंय. शेजाऱ्यांनी काही नवीन आणलंय का? बिनतारी फोन, स्पीकर, तान्ह्या बाळावर लक्ष ठेवायचा कॅमेरा, असं काही?"

"माझ्या डोक्यावर ऐंशीची म्हातारी राहते. तिच्याकडे कुठून येणार तान्हं बाळ?"

"मग सरळ केबल टाका."

केबल टाकणं सोपं नव्हतं. राउटर पुढच्या खोलीत, टीव्ही मागच्या खोलीत, आणि मधे धुराड्याची दोन हात जाड विटांची भिंत. घरमालकाने भोकं पाडायची नाहीत असं बजावून ठेवलेलं. आणि खरं सांगायचं तर लायलला केबल नकोच होती. त्याला कारण हवं होतं. ब्रिडीसमोर ठेवता येईल असं, हातात धरून दाखवता येईल असं कारण.

'शेजाऱ्यांनी' हा शब्द मात्र त्याच्या डोक्यात राहिला.

वर हेल्वी साल्मी राहायची. बुटकी, ताठ मानेची, पन्नास वर्षं त्याच घरात असलेली. तिचा नवरा ओनी बंदरावर धान्याच्या कोठारात फोरमन होता. दोघांशी लायलचं बरं होतं. तो त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा, हेल्वी वेलदोड्याचा पाव पाठवायची. पण ऑक्टोबरपासून पाव यायचा बंद झाला होता. ओनी दिसेनासा झाला होता. "भावाकडे गेलाय, कापुस्केसिंगला," एवढंच हेल्वी म्हणाली होती. किती दिवसांसाठी, ते नाही. दिवसाही पडदे ओढलेले असत. दार वाजवलं तर ती साखळी लावूनच फटीतून बोलायची. आणि अधूनमधून तिच्याकडे मोठी मोठी खोकी येत, जी ती लायलला उचलू देत नसे.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

लायलने फ्रीजवरचं टायरवाल्याचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि त्यावर लिहायला सुरुवात केली. कामावरून आला की कन्सोल चालू करून ठेवायचा आणि सिग्नलच्या रेघांवर डोळा ठेवायचा. खेळ असो नसो. दोन आठवड्यांत पान भरलं. बुधवार आणि शनिवारी चार-सव्वाचार ते पावणेपाच, हे ठरलेलं. सोमवारी काही नाही. एका मंगळवारी सर्दीने घरी होता तेव्हा सकाळी आठला दहा मिनिटं सिग्नल गेला, आणि तेवढ्यात त्याला खिडकीतून हेल्वी कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत नेताना दिसली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या बुधवारी त्याने स्वयंपाकघरातल्या भिंतीला कान लावला. चार वाजून दहा मिनिटांनी पाण्याचा नळ आतल्या आत घुमायला लागला. तळघरात दोघांचं मिळून एक कपडे धुण्याचं यंत्र होतं, त्यात पाणी भरत होतं. पाच मिनिटांत सिग्नल मेला. यंत्रामुळे होत असेल? रविवारी त्याने स्वतःच्या चादरी नेऊन यंत्रात टाकल्या आणि धावत वर आला. सगळ्या रेघा शाबूत. यंत्राचा दोष नव्हता. हेल्वी खाली गेली की सिग्नल जायचा. ती बाहेर गेली तरी जायचा.

आणि मग त्याने ते ऐकलं. शनिवारचा दिवस होता. हेल्वी खाली तळघरात होती, यंत्राचं झाकण आपटल्याचा आवाज स्पष्ट आला होता. तेवढ्यात त्याच्या डोक्यावर, मागच्या खोलीच्या बरोबर वर, कुणीतरी खुर्ची सरकवली. दोन जड पावलं पडली. मग शांत.

लायल छताकडे बघत राहिला.

म्हणजे तिने कुणाला तरी ठेवून घेतलं होतं. घरमालकाला न सांगता, चोरून. ओनीच्या खोलीत कुणी भाडेकरू, जो दिवसभर आत बसतो आणि म्हातारी हलली की लायलच्या वायफायवर डल्ला मारतो. त्याने त्याच दुपारी पासवर्ड बदलला, चोवीस अक्षरांचा, स्वतःलाही बघून टाकावा लागेल असा. बुधवारी सव्वाचारला खेळ तुटला तो तुटलाच.

त्यानंतर त्याचा संशय आणखी काळवंडला. पासवर्ड नाही, काहीच नाही, आणि तरी सिग्नल मरतो, तर वर बसलेला माणूस करतो तरी काय? आणि ओनी कुठे आहे? कापुस्केसिंगला भाऊ असल्याचं ओनीने वीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पायऱ्यांवरचा बर्फ काढत असताना हेल्वी खाली उतरली, तेव्हा त्याने सहज म्हणून विचारलं, "ओनीची काय खबर?"

"बरा आहे."

"फोन येतो का?"

"येतो." तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "आणि तुझं काय चाललंय, लायल? परवा तू मोबाइल वर धरून माझ्या खिडकीखाली उभा होतास."

"सिग्नल बघत होतो."

"अस्सं," हेल्वी म्हणाली आणि जपून पावलं टाकत निघून गेली. ताकास तूर लागू दिली नाही. लायलला मात्र वाटलं की ती आपल्याला हुंगून गेली.

त्या शनिवारी खेळ तुटल्यावर ब्रिडीचा फोन लगेच आला नाही. पाच वाजता आला.

"डॅड, एक विचारू? सरळ सांगशील?"

"विचार."

"तू पितोयस का?"

लायलच्या हातात कॉफीचा मग होता. तो त्याने खाली ठेवला.

"नाही."

"कारण दर वेळी तेच होतंय. पंधरा मिनिटं तू छान बोलतोस आणि मग नाहीसा होतोस. आधी गाडी सुरू व्हायची नाही. मग फोनची बॅटरी जायची. मग बर्फ पडायचा, जुलै सोडून अकराही महिने. आता वायफाय."

"या वेळी खरंच वायफाय आहे. मी लिहून ठेवलंय, वेळा आहेत माझ्याकडे. वरच्या बाईकडे कुणीतरी लपून राहतंय, आणि ती खाली गेली की..."

बोलता बोलताच ते त्याला स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. चौपन्न वर्षांचा माणूस, छताला कान लावून बसलेला, म्हातारीच्या घरात कुणी लपलंय म्हणणारा. शुद्धीवरचा माणूस असं बोलत नाही.

"डॅड," ब्रिडी अगदी हळू म्हणाली, "काही दिवस नको खेळूया."

"ब्रिडी, ऐक तर."

"मी रागावलेली नाही. फक्त मला दर बुधवारी घड्याळाकडे बघत बसायचं नाहीये."

तिने फोन ठेवला. लायलला दारूची आठवण झाली, हे खोटं कशाला सांगा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चारशे पावलं होती. न पिता जर प्यायल्याचीच शिक्षा मिळणार असेल, तर. त्याने तो विचार पुढे जाऊ दिला नाही. उठून भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

बुधवारी चार वाजता त्याने सवयीने कन्सोल लावला. हेडफोनमध्ये कुणी नव्हतं. नळ घुमायला लागला. सिग्नलच्या रेघा एकेक करून गळल्या, आणि वरती खुर्ची सरकली. लायलने रिमोट टाकला, बूट न घालताच तळघराच्या दाराकडे गेला आणि जिना उतरला.

हेल्वी यंत्रासमोर उभी राहून चादरीच्या घड्या घालत होती. शेजारच्या फळीवर साबणाच्या डब्याला टेकवून एक पांढरं, हाताएवढं यंत्र ठेवलं होतं. त्याला काडीसारखा अँटेना आणि छोटासा पडदा. लायलला बघताच तिने त्यावर टॉवेल टाकला. पण तोपर्यंत त्याला दिसून गेलं होतं. करड्या, मुंग्या आल्यासारख्या चित्रात एक माणूस खुर्चीवर बसला होता. अंगात जाड हिवाळी कोट, डोक्यावर टोपी, मांडीवर रिकामा जेवणाचा डबा. कामावर निघालेल्या माणसासारखा.

"तो ओनी आहे," लायल म्हणाला.

हेल्वीने चादरीची घडी अर्धवट सोडली.

"तुम्ही म्हणालात कापुस्केसिंग."

"म्हणाले." तिने टॉवेलवर तळहात ठेवला. "मग आता? कुणाला फोन करणारेस?"

"मी कशाला कुणाला फोन करू?"

"मग इथे काय करतोयस, नुसत्या मोज्यांवर? महिनाभर तू माझ्यावर पाळत ठेवून आहेस. पायऱ्यांवर चौकशा करतोस, खिडकीखाली उभा राहतोस. मला काय कळत नाही?"

लायलला हसावं की चिडावं ते कळेना. "मिसेस साल्मी, माझा खेळ तुटतो. तुमच्या त्या यंत्रामुळे. एवढंच."

"कुठला खेळ?"

मग त्याने सांगितलं. बुधवार, शनिवार, हॉकी, ब्रिडी, सव्वाचार, कॅलेंडर. वर कुणी चोर भाडेकरू आहे असं वाटल्याचंही सांगितलं. हेल्वी ऐकत राहिली आणि हळूहळू धुण्याच्या यंत्राला टेकली.

"माझ्या नातवाचं आहे ते," ती म्हणाली. "तो आता कॉलेजात आहे. त्याच्या पाळण्यावर कॅमेरा होता, तो मी जानेवारीत ओनीच्या खोलीत लावलाय. मी खाली आले किंवा कचरा टाकायला गेले की चालू करते. दहा मिनिटंही त्याला एकटं सोडवत नाही. सप्टेंबरात एकदा तो असाच कोट घालून कामाला निघाला, तेवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या कामाला. पोलिसांनी बंदरावरून आणून सोडला. मग एक सरकारी बाई आली कागद घेऊन. म्हणाली, पुन्हा असं झालं तर त्याला वृद्धांच्या संस्थेत ठेवावं लागेल, आणि जागा मिळेल ती दीडशे किलोमीटरवर. मी गाडी चालवत नाही, लायल. मी त्याला भेटणार कशी?"

"म्हणून कापुस्केसिंग."

"जो इथे नाही त्याला कुणी नेत नाही. त्याच्या डायपरची खोकीही म्हणून मीच उचलते."

टॉवेलखालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेल्वीने झटकन टॉवेल काढून बघितलं. ओनीने फक्त पाय बदलला होता.

"दोन मिनिटं बंद कराल?" लायल म्हणाला. "फक्त बघायला. मी वर जातो, ओनीच्या दाराशी उभा राहतो. माझ्या टीव्हीवर काय दिसतं ते तुम्ही जाऊन बघा."

ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती. त्याच्या डोळ्यांत, मग जरा पुढे झुकून अगदी तोंडाजवळ. मग तिने किल्ली दिली.

वर परत आली तेव्हा म्हणाली, "चार रेघा आहेत. मी पुन्हा चालू केलं तर शून्य." तिच्या आवाजात गुन्हा कबूल केल्यासारखं काहीतरी होतं. "मी काय करू? मी बंद नाही करू शकत."

"तुम्ही काही करू नका. मी केबल टाकतो."

ती आत जाता जाता थांबली. "आणखी एक. तुला सांगायला नको, पण तू आता माझं एवढं बघितलंस. तुझी ती मुलगी मला फोन करते."

"ब्रिडी? तुम्हाला?"

"जानेवारीपासून. उन्हाळ्यात आली होती तेव्हा मीच नंबर दिला होता. विचारते, डॅड पितोय का. मी तिला म्हटलं, बाटल्या तर दिसत नाहीत, वासही नाही. पण माणूस घरात फेऱ्या मारतो, भिंतींना कान लावतो, फोन आभाळात धरून फिरतो. जे दिसलं ते सांगितलं."

लायल जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. तो वरच्या माणसाची पावलं मोजत होता तेव्हा वरून त्याच्या बाटल्या मोजल्या जात होत्या.

"ब्रिडीला काय सांगशील आता?" हेल्वीने विचारलं.

"दोष सापडला म्हणेन. कशाचा ते नाही सांगणार. तुमची गोष्ट आहे ती."

"मग ती म्हणेल, बाटलीचा."

"म्हणू दे."

गुरुवारी त्याने पंचवीस मीटर केबल आणली. भोक पाडावं लागलं नाही. पुढच्या खोलीत गरम पाण्याच्या जुन्या नळाशेजारी बोटभर फट होती, तिच्यातून खाली, तळघराच्या छताला खिळे मारत मागे, आणि मागच्या खोलीतल्या तशाच फटीतून वर. पाठ धरली, दोन दिवस वाकता येईना. कन्सोलच्या पाठीत केबल खट्कन बसली. त्याने ब्रिडीला निरोप पाठवला: दुरुस्त झालंय, शनिवारी एकदाच येऊन बघ.

शनिवारी चार वाजता ती आली. जपून बोलत होती, खेळतही जपूनच होती. नळ घुमला. सव्वाचार झाले. साडेचार झाले. लायलने एक अवघड गोल वाचवला आणि तरी हेडफोनमधून शाबासकी आली नाही.

"काय होतं मग?" ब्रिडीने शेवटी विचारलं.

"जवळच्या एका यंत्राचा अडथळा. आता तार टाकली."

"कुठलं यंत्र?"

"ते नाही सांगता येणार. दुसऱ्याची गोष्ट आहे."

ब्रिडीने चकती पुढे ढकलली.

"ठीक आहे," ती म्हणाली. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताकाचा पेला हातात घ्यावा, तसं ते 'ठीक आहे' होतं.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. खेळाचा वार नसताना आलेला हा पहिलाच.

"मिसेस साल्मींनी फोन केला होता," ब्रिडी म्हणाली. "मी नाही, त्यांनी. अर्धा तास बोलत होत्या. ओनीचं सगळं सांगितलं. शेवटी रडल्या."

लायलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू मला सांगू शकला असतास, डॅड. मी कुणाला सांगणार होते इथे बसून?"

"वचन दिलं होतं."

"हं. तू वचन पाळलंस, आणि मला वाटलं तू लपवतोयस."

"लपवतच होतो. पण वेगळं."

"हो."

"ब्रिडी, तू तिला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं."

"अजून ठेवणारेस?"

लायलला तिच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं, किंवा तसं वाटलं.

"अजून थोडे दिवस," ती म्हणाली. "चालेल?"

"चालेल," लायल म्हणाला. लागलं त्याला, नाही असं नाही. पण खोटं 'नाही' ऐकण्यापेक्षा हे बरं होतं.

मार्च लागता लागता लायल हेल्वीला आणि ओनीला आपल्या गाडीतून डॉक्टरांकडे घेऊन गेला. हेल्वी वाटभर पर्स छातीशी धरून बसली होती, जणू दवाखान्यातूनच ओनीला उचलून नेणार होते. तसं कुणी नेलं नाही. आठवड्यातून दोनदा घरी परिचारिका येईल असं ठरलं, आणि संस्थेचा प्रश्न पुढे ढकलला गेला. पुढे म्हणजे किती पुढे, ते कुणी सांगितलं नाही, आणि हेल्वीचा त्या बाबतीत आजही कुणावर भरवसा नाही.

बुधवारी आणि शनिवारी ती धुणं घेऊन खाली जाते तेव्हा ओनीला लायलकडे बसवून जाते. पहिल्या दिवशी तिने सोबत तो कॅमेराही आणला आणि लायलच्या टीव्हीवर ठेवला.

"तुझ्यावर विश्वास आहे," ती म्हणाली. "पण हा असू दे."

लायलने कॅमेरा जरासा वळवून दिला, म्हणजे तिला दोघंही दिसतील. केबलला त्याचं काही नव्हतं. ओनी कोट घालून सोफ्यावर बसला, टोपी मांडीवर घेऊन पडद्याकडे बघू लागला.

"डॅड, आज दुपारी काय जेवलास?" हेडफोनमधून ब्रिडीने विचारलं. हल्ली प्रत्येक खेळाआधी ती असंच काहीतरी विचारते आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलत नाही. जेवणात तिला रस नाही, जीभ अडखळते का ते ती ऐकत असते, हे लायलला ठाऊक आहे.

"वाटाण्याचं सूप," तो म्हणाला, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. "राय ब्रेड. एक सफरचंद. अर्धं ओनीने खाल्लं."

"कोण खोकतंय?"

"तोच. खेळ सुरू झालाय, ब्रिडी. समोर बघ."